ओळखलं का?

आमच्या घरात पोराला नीट चालता येण्याआधी माणसं ओळखता यायला हवीत असा दंडक होता, आणि तो आत्याचा होता. आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण, हौसाबाई. नवरा गेल्यावर सासरी पटलं नाही म्हणून ती वरव्याला माहेरी आली, आणि आली ती पाहुणी म्हणून नव्हे, कारभारीण म्हणून. कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. आण्णा कंपनीतून सुटून आले की आधी तिच्यापुढं उभे राहायचे, मग आईला दिसायचे. खेड शिवापूरपासून भोरपर्यंत आपल्याला ओळखू येणार नाही असं माणूस नाही, ही तिची घमेंड. एसटीच्या खिडकीतून एखादा हात दिसला तरी ती म्हणायची, "त्यो बग, नसरापूरच्या वाण्याचा मधला." आणि तो असायचाही. म्हणून तर गाव तिला दबून असे.

लग्नात, जत्रेत, कुणाच्या दहाव्याला गेलं की आमची परीक्षा सुरू व्हायची. कुणीतरी टोपीवाला पाव्हणा सतरंजीवर मांडी ठोकून बसायचा, माझं मनगट पकडायचा आणि तोंडाजवळ तोंड आणून विचारायचा, "ओळखलं का मला? सांग बरं, मी कोण?" त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास. हात सुटत नाही. आजूबाजूचे सगळे हसत माझ्याकडं बघतायत. मी गप्प राहिले की पाव्हणा म्हणायचा, "पोरीला वळख न्हाई दिली व्हय?" आणि मग आत्याची दोन बोटं मागून येऊन दंडाच्या आतल्या मऊ मांसाला चिमटा घ्यायची. ती जागा अशी की रडलं तरी कुणाला कारण दिसत नाही. दोनचार लग्नांत मला शहाणपण आलं. कुणीही विचारलं की मान डोलवून म्हणायचं, "व्हय, ओळखलं." मग पाव्हणा खूश होऊन स्वतःच सांगून टाकायचा की तो कुणाचा कोण. खरं उत्तर कुणालाच नको होतं, नुसता होकार पुरायचा.

एवढंच शिक्षण आम्हाला घरातून मिळालं, आणि ते पक्कं मिळालं.

बाकी घर म्हणाल तर खातंपितं. मागं गोठा, पुढं पडवी, आणि पलीकडं रात्रंदिवस हायवेचा आवाज. त्या आवाजाची इतकी सवय की मामाच्या गावी गेलं की शांततेनंच मला झोप यायची नाही. पहाटे दुधाच्या किटल्या वाजायच्या, मग आईच्या भाकरीचा थपथप आवाज, आणि त्यावर आत्याचं बोलणं. आत्याचं बोलणं भाकरीसारखंच ताजं आणि रोजचं. आई घेवड्याची आमटी करायची, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या करायची, आणि आत्या पहिला घास तोंडात घालून म्हणायची, "डोंगरातल्या हातांना मिठाचा अंदाज कसा येनार." रोज मीठ बरोबर असायचं. आण्णा खाली मान घालून जेवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या चुलीपुढं पाहिलं.

डोंगरातले हात म्हणजे आईचं माहेर. ते वेल्ह्याच्याही पलीकडं. एसटी एका ठिकाणी थांबते आणि मग ओढ्याकाठानं चढत जायचं. मामा वर्षातून एकदोनदा यायचा तेव्हा पिशवीत नाचणीचं पीठ आणि वरी असायची, उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात करवंदं. आत्या त्याला पडवीच्या पायरीवरच बसवायची. कानाचा टवका उडालेला एक कप होता, तो मामाचा. "माती घिऊन येत्यात पायाला," असं ती त्याला ऐकू जाईल इतपत हळू म्हणायची. हळूहळू मामा यायचा थांबला. आईला भाऊबीजेला धाडायचं की नाही ते आत्या ठरवायची, आणि बहुतेक वेळा गाय व्यायला झालेली असायची. त्यामुळं माझी निम्मी नातीगोती मला नुसती नावानं ठाऊक होती. मामाला किती पोरं, मावशी कुठं दिली, कोण चुलत, कोण मावस, सगळं आईच्या तोंडून तुटकतुटक ऐकलेलं. त्या माणसांची मला भूक होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या भुकेतून झालं.

शाळेचे निरोप मोबाईलवर यायला लागले तेव्हा आण्णांनी कंपनीतल्या कुणाचा तरी वापरलेला फोन आणला. काचेला एक तडा होता. तो टीव्हीशेजारी ठेवायचा आणि अभ्यासापुरता घ्यायचा, असं ठरलं. मी तो गोठ्यात घेऊन बसायची. आत्याचे गुडघे दुखत म्हणून ती गोठ्यात येत नसे, आणि गाईंना माझ्या अभ्यासात रस नव्हता. वर्गातल्या पोरी फोटो टाकायच्या त्या ॲपवर मीही खातं काढलं. गणवेशातला एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, काजल, वरवे बुद्रुक. आम्हाला शिकवलंच होतं, आधी नाव सांगावं, मग गाव.

थोड्याच दिवसांत एक निरोप आला. फोटोच्या जागी तोरण्यावर उगवलेला सूर्य, नाव सुशांत, आणि दोनच शब्द. ओळखलं का?

आज मी शाळकरी मुलीची आई आहे. तनूच्या शाळेत पालकांना बोलावतात आणि सांगतात की अनोळखी माणसाशी फोनवर बोलू देऊ नका. बरोबरच आहे. पण मला त्या खुर्चीवरून उठून विचारावंसं वाटतं की बाई, अनोळखी म्हणजे कोण? तो निरोप वाचला आणि माझ्या दंडाला गोठ्यात बसल्या जागी चिमटा बसला. मला खरंच वाटलं की मागं कुणीतरी उभं आहे. मी लिहिलं, हो, ओळखलं.

त्यानं विचारलं, कोण सांग बरं. मी घाबरत लिहिलं, आईकडचे का? त्यानं लिहिलं, हुशार आहेस. झालं. मी त्याला पाव्हणा केला, त्यानं काहीच केलं नाही. पुढचं सगळंही असंच. तो म्हणायचा, तुझा मामा कसा आहे आता? मी म्हणायची, किसनमामा ना? तो म्हणायचा, किसनच. तो म्हणायचा, तुमच्या घरी ती एक आहे ना, फार बोलणारी. मी म्हणायची, आत्या. मग तो महिनाभरानं आत्याबद्दल असं बोलायचा जसं काही तिला लहानपणापासून बघतोय. मी दिलेलंच पीठ तो मला भाकरी करून वाढत होता, आणि मला ती मामाच्या घरची लागत होती. सुशादादा, मी म्हणायची. मला कधी कुणी दादा नव्हता.

दादा फार गोड. जेवलीस का विचारायचा. आमच्या घरात जेवलीस का हा प्रश्न फक्त गाईंना विचारत. माझ्या अक्षराचं कौतुक, फोटोचं कौतुक. मग हळूच, हे आपल्यातच ठेव हं, तुमच्या आत्याला कळलं तर तुझ्या आईला त्रास होईल. मग, वाचून झालं की पुसून टाकत जा. मग, मैत्रिणींना कशाला सांगतेस, त्या जळतात. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडं कारण होतं, आणि प्रत्येक कारणात माझी काळजी होती. आता तनूला मी एवढंच सांगते की जो माणूस तुझं भलं करायला निघालाय आणि तुझ्या आईपासून लपवायला सांगतोय, त्याचं तोंड मला दाखव, बाकीचं मी बघते.

एक दिवस आत्यानं आईला शेजारणीसमोर भिकारड्या घरची म्हटलं. मी फोन घेऊन गोठ्यात गेले आणि सुशादादाला आवाजात निरोप धाडला. आत्याची हुबेहूब नक्कल केली, लंगडत चालताना ती कशी कण्हते ते केलं, आणि शेवटी रडत म्हणाले, "मरत का न्हाई ही म्हातारी एकदाची. मेली तर मी गावात साखर वाटीन." बोलून मोकळं वाटलं. दादानं हसणारी तोंडं धाडली. पुन्हा बोल ना, म्हणाला. मी पुन्हा बोलले.

त्यानंतर दादा बदलला. आधी एकटीचे फोटो मागायला लागला. मी नको म्हटलं तर रुसायचा. एके दिवशी त्यानं माझाच आवाज मला परत धाडला. मरत का न्हाई ही म्हातारी. खाली लिहिलं होतं, आण्णांच्या फोनवर टाकू का? आण्णांचा नंबर मीच दिला होता, कधी, कशासाठी, ते मला आजही आठवत नाही. मी हातापाया पडले. मग तो पुन्हा गोड झाला. अगं वेडे, मी तुझा दादा ना. कापूरहोळला ये, तुझ्यासमोर पुसून टाकतो, मग तुझ्या जिवाला घोर नको. येताना घरी काय सांगायचं तेही त्यानंच सांगितलं. शाळेत प्रकल्पाचं साहित्य आणायचं आहे म्हण.

लोक मला विचारतात, अगं पण तू गेलीस कशी? एवढी का तू येडी? मी येडी नव्हते. मला तो माणूस बरा नाही हे तोवर कळून चुकलं होतं. पण तो काय करील ते मला ठाऊक नव्हतं, आणि आत्या काय करील ते नीट ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या भीतीपेक्षा ठाऊक नसलेली मला बरी वाटली. घरचं माणूस बाहेरच्यापेक्षा भयंकर करून ठेवलं की पोरं बाहेर जातात, त्यात पोरांची अक्कल कशाला काढायची.

कापूरहोळच्या फाट्यावर भर दुपारी वडापच्या जीपमधून उतरले. भोरकडं वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक चहाची टपरी, शेजारी पंक्चरवाला, पलीकडं ढाब्याच्या खाटा. माणसं पुष्कळ. मला वाटलं होतं दादा कॉलेजातला असेल. जो माणूस मोटरसायकल लावून माझ्याकडं आला तो आण्णांच्या वयाचा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात खाऊची पिशवी. शंभर पाव्हण्यांत बसवला असता तर एकशे एकावा दिसला असता. तो जवळ येऊन हसला आणि म्हणाला, "ओळखलं का?"

ह्या वेळी माझ्या तोंडून हो निघालं नाही. त्यानं मोटरसायकलची सीट हातानं झटकली. "चल, इथं लोकांत कशाला. घाटाकडं जाऊन निवांत पुसू." मी म्हटलं, "हितंच पुसा." त्यानं खिशातून फोन काढला, अंगठा त्याच्यावर ठेवला आणि हसतच राहिला. "बस," तो म्हणाला. तेवढ्यात भोरकडून एक जीप आली आणि त्यातून भांडणाचा आवाज आला. ड्रायव्हरनं कुठं थांबवायचं ह्यावरून एक बाई त्याच्या सात पिढ्या काढत होती. तो आवाज मी मेले तरी ओळखीन. आत्या भोरला डोळे दाखवायला गेली होती. डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातलेलं, बुबुळं मोठी झालेली, उन्हानं डोळे उघडत नव्हते. डोळ्यांवर पदर ओढून ती टपरीकडं चाचपडत येत होती. सोबत कुणाला घ्यायचं तिनं नाकारलं होतं, ते तिला कमीपणाचं वाटे.

मी गप्प उभी राहिले असते तर तिला दिसलेच नसते. हे मी पुष्कळदा स्वतःला सांगते, कारण माझ्या आयुष्यात मी जे थोडं धाडस केलं त्यात हे पहिलं. मी हाक मारली, "आत्या." जिच्या मरणाची साखर वाटणार होते तिलाच हाक मारली. दुसरं कोण होतं माझं तिथं?

आत्या थबकली. "काजे? तू हितं काय करतीस गं?" मी तोंड उघडायच्या आत तो पुढं झाला. वाकून तिच्या पायांना हात लावला. "आत्याबाई, ओळखलं का? अहो मी सुशा. किसनमामाच्या भावकीतला. गुडघा कसा आहे आता? तुमची ती जर्सी गाय व्यायली का?"

टपरीवरची माणसं बघत होती. त्यात वरव्याचे दोघं होते. आत्यानं पदर बाजूला केला आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिचे डोळे पाण्यानं भरलेले, त्यात त्याचं तोंड नव्हतंच, नुसता उजेड असणार. मला वाटलं, आता विचारील. बापाचं नाव विचार, आजोळ विचार, आम्हाला चिमटे काढून शिकवलंस ते सगळं विचार. आत्या म्हणाली, "आता गं बया. वळखलं की. न वळखायला काय झालं."

"पोरगी इथं दिसली म्हणून थांबलो," तो म्हणाला. "मी सोडतो तिला घरी. तुम्ही सावकाश या गाडीनं, ह्या उन्हात कुठं ताटकळता."

"बस गं, काजे," आत्या म्हणाली. "दादा सोडतूय म्हनं."

मी म्हटलं, "मी न्हाई बसत. मी ह्याला ओळखत न्हाई. आत्या, तुमी पण न्हाई ओळखत."

दंडाला चिमटा बसला. बरोबर त्याच जागी. डोळ्यांत औषध असतानाही तिला ती जागा सापडली. "पाव्हन्यापुढं असं बोलत्यात व्हय? बस म्हनले ना." आणि तिनं मला त्याच्याकडं ढकललं. त्यानं माझा दुसरा हात धरला. दोन्हीकडून दोघांनी धरलेली मी, आणि टपरीवरची माणसं हसत होती, कारण पाव्हण्याच्या गाडीवर बसायला पोर लाजते, ह्यात हसण्यासारखंच होतं. मी जमिनीवर बसले. फतकल मारून, गणवेशासकट. "न्हाई ओळखत," मी ओरडले, "न्हाई ओळखत मी ह्याला."

त्याचं तोंड पहिल्यांदा वाकडं झालं. लोक आता नीट बघायला लागले होते. त्याला वाटलं असेल की मला खोटं पाडलं की काम झालं. "बघा आत्या," तो म्हणाला, "ही अशीच आहे. तुमच्या माघारी काय बोलते ऐका, म्हणून तर म्हटलं जरा समजूत घालतो." आणि त्यानं अंगठा दाबला.

माझा आवाज त्या टपरीवर वाजला. कण्हणं, लंगडणं, नक्कल. मरत का न्हाई ही म्हातारी एकदाची. वरव्याचा एक जण फस्सकन हसला आणि मग खोकला. आत्या ऐकत राहिली, साखर वाटण्यापर्यंत सगळं. मग तिनं माझी वेणी मुठीत घेतली आणि मला उभं केलं. त्याला म्हणाली, "पाव्हनं, तुमी निगा. हिचं काय करायचं ते मी घरी बगती." तो काहीतरी बोलायला गेला. "निगा म्हनले," आत्या म्हणाली. वेणी सुटण्यातली नाही हे त्याला दिसलं असावं. त्यानं नमस्कार केला, गाडीला किक मारली आणि भोरच्या रस्त्यानं गेला. खाऊची पिशवी टपरीच्या बाकावर राहिली. ती पंक्चरवाल्याच्या पोरांनी खाल्ली.

त्या दिवशी मला कुणी वाचवलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हे आहे. मला आत्याच्या मायेनं वाचवलं नाही, की अकलेनंही नाही. तिला मला मारायचं होतं, आणि ते तिला स्वतःच्या हातानं मारायचं होतं, म्हणून तिनं मला दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. मी ह्याबद्दल तिची ऋणी आहे का, हा प्रश्न मी बरीच वर्षं बाजूला ठेवलेला आहे.

घरी चुलीची फुंकणी होती, लोखंडी. जास्त लिहीत नाही. आई मध्ये पडली तर तिलाही लागली. शाळा बंद झाली आणि परीक्षा घरात भांडी घासताना निघून गेली. पुढच्या वर्षी मी माझ्याहून लहान पोरींच्यात त्याच वर्गात पुन्हा बसले, तेही दहावी नसेल तर स्थळ येत नाही म्हणून. फोन आण्णांनी उशाखाली घेतला. सगळ्यांनी सगळं माझं विचारलं. त्या माणसाचं कुणी विचारलं नाही. आण्णांनी एकदाच म्हटलं, "आक्का, त्यो व्हता कोन पन?" आत्या भाकरी कुस्करत म्हणाली, "हिच्या म्हायेरचा. मी वळखला की त्याला."

आई चुलीपुढून उठली. "माज्या म्हायेरात सुशा नावाचं कुनीबी न्हाई."

"म्हंजी मी खोटं बोलती?"

आण्णांनी बहिणीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि बूट घालून पाळीवर निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. तो माणूस आईच्या माहेरचा ठरला, त्यामुळं आईचं माहेर तोडलं. मामाचा नंबर पुसून टाकला. भाऊबीज कायमची बंद. गावातही तेच पसरलं की काजलला तिच्या मामाकडच्या कुणीतरी नादी लावलं. आत्यानं एकदा, एकदाच, म्हणायला हवं होतं की मला तो ओळखू आला नाही. मग आण्णा चौकीत गेले असते, मामाला फोन गेला असता, आजूबाजूच्या पोरींना कुणीतरी सावध केलं असतं. पण आत्याला ओळखू आलं नाही असं माणूस खेड शिवापूर ते भोर जन्मलंच नव्हतं.

भात काढून झाल्यावर मामा आला. बऱ्याच दिवसांनी. पायरीवरही बसला नाही, खालीच उभा राहिला. त्यानं आण्णांना विचारलं, "दाजी, तुमच्याकडं कुनी सुशा म्हनून फोनवर बोलायचा का पोरीसंगं? ओळखलं का म्हनून लिवायचा?" त्याची थोरली, रेश्मा, त्याच माणसाच्या मागं गेली होती. त्याला आमच्या घरचं सगळं ठाऊक होतं, आत्याचा गुडघा, गाय, मी, म्हणून रेश्माला तो वरव्याकडचा पाव्हणा वाटला. पोर दुसऱ्या दिवशी चेलाडीच्या पुलाजवळ सापडली. जिवंत होती. मामा एवढंच म्हणाला, "जित्ती हाय." रेश्मा त्यानंतर कुणाशी फारसं बोललीच नाही. आजही ती माझ्याकडं येते, माझ्या ओट्यापाशी उभी राहून भाजी निवडते आणि जाते.

आण्णा काही बोलायच्या आत आत्या आतून म्हणाली, "आमच्याकडं असं कायबी झालं न्हाई."

तेव्हा आई बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती मामाला म्हणाली, "झालं व्हतं, दादा. हितं झालं व्हतं, आनि ह्यांनी मला तुला सांगू दिलं न्हाई." आणि तशीच, पिठाच्या हातानं, पायरी उतरून भावाबरोबर चालायला लागली. आण्णांनी हाक मारली नाही. आई पुढल्या महिन्यात परत आली ती आमच्यासाठी, पण आत्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. मीठ बरोबर असायचं.

आता मी भोरला राहते. माझ्या घरी कुणी पाव्हणा आला आणि तनूला म्हणाला, "ओळखलं का मला?" तर ती सरळ म्हणते, "नाही. तुम्ही सांगा, मग मी आईला विचारते." गेल्या महिन्यात माझे सख्खे चुलत सासरे तिच्यावर रागावले. फटकळ आहे म्हणाले, वळण नाही म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि तनूला त्यांच्यासमोर शाबासकी दिली. ते आता आमच्याकडं कमी येतात. बरं झालं.

वरव्याला मी आईसाठी जाते. आत्या पडवीतल्या खाटेवर असते. दोन्ही डोळे गेलेत, माणसं आवाजावरनंही कळत नाहीत. आई तिचं सगळं करते, मुक्यानं. मी खाटेपाशी बसते आणि, लोकांना आवडो न आवडो, दर खेपेला एकच प्रश्न विचारते. "ओळखलं का?" आत्या लगेच म्हणते, "वळखलं की." मी म्हणते, "मग सांगा, मी कोण?" ती हवेत हात फिरवते. वाण्याची सून म्हणते, मास्तरीण म्हणते, मेलेल्या जावेचं नाव घेते. मी तिला चाचपडू देते. आई दारातून बघते आणि मला थांब म्हणत नाही.

ह्या खेपेला मी विचारलं, "आत्या, कापूरहोळला तो सुशा भेटला होता, आठवतो?"

तिचा हात थांबला. "त्यो व्हय," ती म्हणाली. "त्याला कुठं वळखला म्या. डोळ्यांत औशीद व्हतं. नुसतं पांढरं दिसत व्हतं."

"मग मला बस म्हणालात त्याच्या गाडीवर?"

"लई मान्सं व्हती गं टपरीवर," आत्या म्हणाली. "आपल्या गावची बी व्हती. त्यांच्यापुढं न्हाई वळखलं, असं कसं म्हनायचं?"

आईनं चहा आणून ठेवला होता, कानाचा टवका उडालेल्या कपात. मी तो आत्याच्या हातात दिला. तिनं माझी बोटं चाचपली, मनगट चाचपलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला म्हणाली, "न्हाई वळखलं, बाई. कोन तू?"

मी सांगितलं नाही. चप्पल घातली आणि एसटीला निघाले.